पंपाच्या पहिल्या क्षणाचा हिशेब : कोकणातील एका घरासाठी इन्व्हर्टर जनरेटरची निवड

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या घराची गेलेली वीज तेविसाव्या दिवशी परत आली. कौले उडाली, आगरातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, रस्ते झाडांनी अडले. हे नुकसान मोठे होतेच. पण घरात राहिलेल्या माणसांना रोज सकाळी नव्याने भेडसावणाऱ्या अडचणी दोन होत्या. विहिरीतले पाणी टाकीत चढत नव्हते, आणि मोठ्या काकूंचे इन्शुलिन ठेवायला थंड जागा नव्हती. बहुतेक प्रकारच्या इन्शुलिनची उघडलेली बाटली ३० अंशांच्या आतल्या तापमानात चार आठवडे टिकते, परंतु न उघडलेल्या बाटल्यांना २ ते ८ अंशांचीच जागा लागते, आणि काकूंकडे तेव्हा दोन महिन्यांचा साठा होता. घरातली बॅटरी पहिल्याच रात्री संपली होती.

जनरेटर घ्यावा हा विचार त्याच महिन्यात पक्का झाला होता. प्रत्यक्ष खरेदी मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली, आणि त्याला निमित्त झाले ते माझ्या चुलतभावाच्या नव्या उद्योगाचे. दादाने नोव्हेंबर ते मे या काळात आगरात पर्यटकांसाठी चार तंबू उभारायला सुरुवात केली होती आणि थंडीत तो लहान गट घेऊन घाटमाथ्यावरच्या पठारावर मुक्कामाला जाऊ लागला होता. घराला आधार देणारे आणि तंबूंपाशीही नेता येईल असे एकच यंत्र मिळेल का, असा त्याचा प्रश्न होता. मी पुण्यात विजेच्या कामात आहे, म्हणून निवडीची जबाबदारी माझ्याकडे आली. ती कशी पार पडली, कोणते अंदाज चुकले आणि आज काय स्थिती आहे, याची ही नोंद आहे.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवणे आवश्यक आहे. आपल्याकडे 'इन्व्हर्टर' म्हटले की बॅटरीवर चालणारा घरगुती संच डोळ्यांपुढे येतो. इन्व्हर्टर जनरेटर हे निराळे यंत्र आहे : ते पेट्रोलच्या इंजिनावर चालते, आणि त्याच्या पोटातले इलेक्ट्रॉनिक मंडळ वीज स्वच्छ करून बाहेर देते. साध्या जनरेटरमध्ये इंजिन आणि विजेची वारंवारता एकमेकांना बांधलेली असतात. ५० हर्ट्झ हवे असतील तर दोन ध्रुवांच्या यंत्राला मिनिटाला ३००० फेरे घ्यावेच लागतात, मग भार एका दिव्याचा असो वा पूर्ण क्षमतेचा. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिन आधी उच्च वारंवारतेची वीज तयार करते, तिचे एकदिश विजेत रूपांतर होते आणि त्यातून पुन्हा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची सुबक लहर घडवली जाते. वारंवारता इलेक्ट्रॉनिक्सच्या हाती गेल्यामुळे भार कमी असताना इंजिन सावकाश फिरू शकते. कमी पेट्रोल आणि कमी आवाज हे दोन्ही फायदे या एका गोष्टीतून येतात. तिसरा फायदा आमच्या घराला विशेष उपयोगी होता : साध्या जनरेटरच्या हेलकावणाऱ्या विजेवर घरातली बॅटरी अनेकदा चार्ज होत नाही, कारण बॅटरीचा संच अशी वीज नाकारतो, स्वच्छ लहर मात्र तो स्वीकारतो.

दरपत्रके मागवली तेव्हा दोन विक्रेत्यांनी एकच पद्धत वापरली. घरातल्या सर्व उपकरणांचे वॅट लिहून घेतले, बेरीज केली, वर थोडी भर टाकली आणि ५ केव्हीएचे (केव्हीए म्हणजे व्होल्ट आणि अँपियर यांचा गुणाकार भागिले हजार) यंत्र सुचवले. ते चाकांवर होते, पण वजन ८० किलोंच्या पुढे. आमच्या अंगणातून आगरात जाणारी वाट पायऱ्यांची आहे. चाकांचा तिथे काही उपयोग नव्हता. माझा आक्षेप मात्र वजनापेक्षा बेरजेला होता. गिझर, मिक्सर, इस्त्री आणि पंप एकाच क्षणी चालू असण्याची वेळ वीज असतानाही येत नाही. वीज नसताना तर ती येऊ देण्याचे कारणच नाही. जनरेटरला खरा धक्का बसतो तो सर्वांत मोठी मोटर सुरू होते त्या पहिल्या अर्ध्या सेकंदात. म्हणून आम्ही बेरीज बाजूला ठेवली आणि चालू होतानाचा प्रवाह टिपणारा क्लँप मीटर घेऊन घरभर फिरलो.

मोजमापातून चित्र स्पष्ट झाले. विहिरीवरचा पंप एक अश्वशक्तीचा होता. चालू असताना तो ५.२ अँपियर घेत होता, पण सुरू होताना मीटरवर २४ अँपियरचा आकडा उमटला. २३० व्होल्टला हा साडेपाच केव्हीएचा धक्का होतो. विक्रेत्यांनी बेरजेने सुचवलेले ५ केव्हीएचे यंत्र या पंपाला जेमतेम पुरले असते, आणि उरलेल्या दिवसभर अतिशय हलक्या भारावर पेट्रोल जाळत राहिले असते. १९० लिटरचा जुना फ्रिज चालताना १२० वॅटच्या आसपास घेत होता आणि सुरू होताना ७ अँपियरपर्यंत उसळत होता. बाकी सारे किरकोळ होते : कमी वीज खाणारे ३० वॅटचे बीएलडीसी पंखे, ९ वॅटचे दिवे, १० वॅटचा राउटर आणि फोन.

म्हणजे एकटा पंप घराच्या जनरेटरचा आकार ठरवत होता. मग या घराला एक अश्वशक्तीचा पंप का हवा, हा प्रश्न विचारणे भाग होते. चौकशी केली तेव्हा कळले की तो पंप पूर्वी आगराला पाणी देण्यासाठी घेतला होता. आता आगराला ठिबक आहे आणि त्याची मोटर वेगळी आहे. घराच्या टाकीला दिवसाला हजार लिटरही लागत नाहीत. विहिरीतले पाणी उन्हाळ्यातही साडेपाच मीटरच्या खाली जात नाही, म्हणजे वर बसवलेल्या पंपाला ते ओढता येते. आम्ही अर्ध्या अश्वशक्तीचा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेला पंप घेतला. तो चालताना २.६ अँपियर आणि सुरू होताना ११ अँपियरच्या थोडे वर घेतो. टाकी भरायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. या सहा-सात हजारांच्या खर्चाने जनरेटरची गरज निम्म्याहून खाली आली. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटणारा निर्णय हाच आहे, आणि तो जनरेटरविषयी नाही.

यानंतर तीन पर्याय उरले. पहिला, ३ केव्हीएचा साधा पेट्रोल जनरेटर : किंमत सर्वांत कमी, वजन ४५ किलोंच्या आसपास. दुसरा, २.२ केव्हीए वर्गातला इन्व्हर्टर जनरेटर : किंमत साध्याच्या जवळजवळ दुप्पट, वजन २१ किलो. तिसरा, लिथियम बॅटरीची पेटी, म्हणजे पॉवर स्टेशन. तंबूंसाठी तिसरा पर्याय उत्तम होता, पण एक युनिट साठवणारी पेटी घराला एकच रात्र काढून देते, आणि ती पुन्हा भरायची कशी हा प्रश्न तेविसाही दिवस उभा राहतो. पावसाळी ढगांत सौर पट्ट्यांवर विसंबणे मला धाडसाचे वाटले, म्हणून तो पर्याय घरापुरता वगळला.

दुसऱ्या पर्यायातले आकडे वाचताना सावध राहावे लागते. पेटीवर मोठ्या अक्षरांत असतो तो कमाल भार, आणि यंत्र तो काही मिनिटेच सोसते. तासन्‌तास पेलता येणारा, म्हणजे रेटेड भार बारीक अक्षरांत असतो. उदाहरणार्थ, या वर्गातल्या होंडा ईयू२२आय या प्रसिद्ध यंत्राची कमाल क्षमता २२०० वॅट आहे, पण सतत चालवायची क्षमता १८०० वॅट. त्याच्या ३.६ लिटरच्या टाकीवर ते पूर्ण भाराने सुमारे ३ तास आणि पाव भाराने सुमारे ८ तास चालते असे कंपनी सांगते. हे आकडे गुणून पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते : पूर्ण भारावर एका लिटरमधून सुमारे १.६ युनिट मिळतात, तर पाव भारावर जेमतेम एकच. इन्व्हर्टर जनरेटर हलक्या भारावर पेट्रोल वाचवतो हे साध्या जनरेटरच्या तुलनेत खरे आहे. पण दर युनिटमागे पाहिले तर हलका भार त्यालाही महागच पडतो. लिटरला १०५ रुपये धरले तर एक युनिट ६५ ते १०५ रुपयांना पडते. म्हणून यंत्र दिवसभर मंद चालवत ठेवण्यापेक्षा दोन ठरावीक वेळांना नीट भार देऊन चालवणे आणि मधल्या वेळी बंद ठेवणे शहाणपणाचे आहे.

अकरा अँपियर म्हणजे अडीच केव्हीए, आणि यंत्राची कमाल २.२. कागदावर हे गणित बसत नव्हते. प्रत्यक्षात अशी यंत्रे क्षणभर व्होल्टेज खाली येऊ देतात आणि मोटर किंचित सावकाश उठते, पण प्रत्येक जोडीला ते जमेलच असे नाही. त्यामुळे आम्ही नवा पंप गाडीत घालून महाडच्या दुकानात नेला आणि मागच्या अंगणात पाण्याचे पिंप ठेवून चाचणी घेतली. हलक्या भारावर इंजिन सावकाश फिरवणारे इको बटण चालू असताना तिन्ही वेळा ओव्हरलोडचा लाल दिवा लागून वीज तुटली, कारण सावकाश फिरणाऱ्या इंजिनाला वेग घ्यायला सवड मिळत नव्हती. इको बंद करून, दुसरा कोणताही भार न जोडता, पाचपैकी पाच वेळा पंप सुरू झाला. फ्रिज आधीपासून चालू ठेवला तेव्हाही तो सुरू झाला, पण दिव्यांची उघडझाप दिसली. विक्रेत्याने अर्धा तास दिला नसता तर आम्ही बहुधा घाबरून मोठे यंत्र घेतले असते. घेणाऱ्याने आपली मोटर दुकानात न्यावी असा माझा आग्रह आहे. चाचणीला नकार देणाऱ्या दुकानातून हे यंत्र घेऊ नये.

आवाजाचा विषय तंबूंमुळे महत्त्वाचा झाला. भारतात पेट्रोल जनरेटरला जो आवाजाचा आकडा पाळावा लागतो तो यंत्राच्या ध्वनिशक्तीचा, म्हणजे त्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण आवाजाचा असतो आणि त्याची मर्यादा ८६ डेसिबल आहे; परदेशी माहितीपत्रकांत मात्र ७ मीटरवरून ऐकू येणारा आवाज दिलेला असतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करणे चूक आहे. उघड्या जागेत ध्वनिशक्तीतून साधारण २५ वजा केले की ७ मीटरवरचा आवाज मिळतो, म्हणजे ८६ चे तिथे ६१ होतात. हलक्या भारावर आमचे यंत्र ७ मीटरवर ५० च्या आसपास बोलते आणि अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आम्ही मात्र त्या मर्यादेच्या भरवशावर न राहता रात्री साडेनऊनंतर यंत्र चालवायचेच नाही असा नियम केला, कारण समुद्राची गाज ऐकायला आलेल्या माणसाला ४० डेसिबलचे इंजिनही खुपते.

घराचा दिवस आम्ही असा आखला. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास यंत्र चालते. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे इको बंद ठेवून फक्त पंप. टाकी भरली की पंप बंद, इको चालू, आणि फ्रिज, बॅटरीचे चार्जिंग व फोन जोडायचे. फ्रिजमध्ये पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या भरून ठेवल्या तर पाच तासांच्या विजेवर तो उरलेला वेळ काढतो. इन्शुलिन बर्फाला टेकणार नाही असे दाराच्या कप्प्यात ठेवायचे, कारण गोठलेले इन्शुलिन वाया जाते. रात्री १५० अँपियर-अवरच्या बॅटरीवर दोन पंखे, दोन दिवे आणि राउटर मिळून ९० वॅटच्या आत भार राहतो. आठ तासांत ७० अँपियर-अवर खर्च होतात आणि दिवसाच्या पाच तासांत ते जेमतेम भरून निघतात. तिसरा पंखा लावला की हा हिशेब तुटतो. दिवसाला सुमारे तीन युनिट वीज आणि अडीच लिटर पेट्रोल असा अंदाज होता. साध्या जनरेटरच्या चाचणीत तेवढ्याच भाराला ताशी जवळपास एक लिटर लागले होते, म्हणजे दिवसाला पाच.

हा फरक पैशांपेक्षा साठ्याच्या दृष्टीने निर्णायक ठरला. परवान्याशिवाय घरात एकूण ३० लिटरपर्यंतच पेट्रोल ठेवता येते, आणि तेही घट्ट बुचाच्या, २५ लिटरपेक्षा लहान धातूच्या डब्यात. प्लॅस्टिकचा कॅन कायद्याला मान्य नाही. रस्ते बंद असताना ३० लिटरवर साधा जनरेटर सहा दिवस चालला असता, इन्व्हर्टर जनरेटर बारा. निसर्गच्या वेळी आमच्याकडचा रस्ता मोकळा व्हायला आठवडा लागला होता. किमतीतला दुपटीचा फरक दादाला या एका आकड्याने पटला.

जोडणीबाबत मी काहीही सवलत दिली नाही. २०२० मध्ये आमच्याच वाडीत एका घरात दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटर भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचला होता. अशा वेळी वीज मीटरमधून उलट खांबावर जाते, आणि रोहित्र उलट चालून २३० व्होल्टचे वरच्या बाजूला हजारो व्होल्ट होतात. एवढ्या लहान यंत्रावर गावाचा भार पडला की ते आपोआप बंद पडेल असे वाटते, पण वादळात तारा तुटलेल्या असतात, भार उरलेलाच नसतो, आणि वीज नाही असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाताशी ती जिवंत तार येते. त्या दिवशी वायरमनने चढण्याआधी तार तपासली म्हणून अनर्थ टळला. आमच्या घरात परवानाधारक वीजतंत्रीकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच (घराला एका वेळी बाहेरची वीज किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) बसवून घेतला. बहुतेक इन्व्हर्टर जनरेटरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला नसतो. त्यामुळे टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत मंद पेटतो आणि घरातली ईएलसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, दोष असूनही पडत नाही. न्यूट्रल अर्थिंगला जोडावा की नाही हे यंत्राच्या पुस्तिकेवर ठरते. आमच्या पुस्तिकेत परवानगी होती, म्हणून चेंजओव्हरपाशी ती जोडणी केली आणि ईएलसीबी पडते याची खात्री केली.

जागेविषयी घरात वाद झाला. पावसापासून आडोसा म्हणून पडवी सर्वांना सोयीची वाटत होती. पण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि पडवीतून तो वायू थेट माजघरात येतो, जिथे काकू झोपतात. दारे-खिडक्यांपासून किमान सहा मीटर अंतर हवे, म्हणून विहिरीच्या वाटेवर चारही बाजूंनी उघडे, पत्र्याचे छोटे छप्पर बांधले आणि धुराचे तोंड आगराकडे केले. तंबूंनाही हाच नियम आहे. तंबूच्या कनातीआड यंत्र ठेवणे म्हणजे झोपेतल्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

तंबूंच्या बाबतीत माझा मूळ अंदाज चुकला. आगरातल्या चार तंबूंना मिळून दिवे आणि फोनसाठी १५० वॅट लागतात. घरातून अडीच चौरस मिलिमीटरची जमिनीखालची केबल टाकल्यावर तिथे जनरेटरचे कामच उरले नाही. पठारावरच्या मुक्कामात तो उपयोगी पडला, पण अपेक्षेपेक्षा कमी. उंचीबरोबर हवा विरळ होते आणि दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. महाबळेश्वरइतक्या, म्हणजे जवळपास १४०० मीटर उंचीवर १८०० वॅटचे १५०० च राहतात. दोन पाहुण्यांनी १५०० वॅटची चहाची किटली लावली आणि यंत्र बंद पडले. तेव्हापासून चहा गॅसवरच होतो. पावसाळ्याच्या तोंडाशी भंडारदरा परिसरात काजवे पाहायला गट न्यायचा दादाचा बेत होता. तिथे अभयारण्य आहे, आणि काजव्यांची जोडीदाराशी होणारी सगळी बोलणी उजेडातून चालतात. तिथे जनरेटर, त्याचे दिवे आणि त्याचा आवाज नेऊ नये असे मी स्पष्ट सांगितले. दादाने ते ऐकले आणि फक्त डोक्यावरचे लाल दिवे नेले.

पहिल्या पावसाळ्यात माझ्याच हलगर्जीपणाने एक बिघाड झाला. एप्रिलपासून कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल तसेच राहिले होते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतले पाणी ओढून घेते आणि कोकणातल्या दमट हवेत ही गोष्ट लवकर घडते. जुलैमध्ये दोरी कितीही ओढली तरी इंजिन उठेना, आणि कार्ब्युरेटर खोलून साफ करावा लागला. आता साठवणीआधी टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवतात, महिन्यातून एकदा वीस मिनिटे फ्रिजचा भार देऊन चालवतात, आणि डब्यातले पेट्रोल महिन्याभरात स्कूटरमध्ये वापरून नवे भरतात. पहिले तेल वीस तासांनी बदलले, पुढचे दर शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी.

यंत्राची खरी परीक्षा मे २०२५ मध्ये झाली. त्या वर्षी मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला, आणि त्याआधीच्या पावसात आमच्या वाडीची वीज तीन दिवस गेली होती. दादा तेव्हा पुण्याला होता. वहिनींनी शेजारच्या मुलाच्या मदतीने यंत्र छपराखाली नेले, चोक ओढून दोरी मारली, आणि विहिरीपाशी लटकवलेल्या वहीत तिन्ही दिवसांच्या नोंदी केल्या. दिवसाला पेट्रोल २.६, २.४ आणि २.८ लिटर. तिसऱ्या दिवशीच्या आकड्यापुढे त्यांनी लिहिले आहे : काकूंच्या खोलीत तिसरा पंखा लावला, बॅटरी पहाटे चारला संपली.